कोजागिरीला ‘तसलं’ गाणं: घ्यावं की गाळावं?

वैशाली_शहापूर
नमस्कार मंडळी. प्रश्न गाण्याचा आहे आणि थोडा भांडणाचाही.

आमचा कराओकेचा ग्रुप आहे, चौदा जणांचा. बहुतेक रिटायर्ड. दर शनिवारी एकाच्या माडीवर जमतो. दोन स्पीकर, एक टीव्ही आणि कुणीतरी आणलेला चिवडा, एवढीच सामग्री. यंदा कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम ठरलाय, घरची माणसं धरून साठेक जण होतील. यादीत एका काकांनी (वय ६८, आवाज खर्जातला) आणि एका मॅडमनी (शाळेत गाणं शिकवायच्या) ‘सिलसिला’मधलं ‘ये कहाँ आ गये हम’ घेतलंय. लताबाईंचं गाणं मॅडम म्हणणार, अमिताभचं बोलणं काका बोलणार.

गेल्या शनिवारी तालीम झाली. छान झाली, खरंच. संपल्यावर दोन सेकंद कुणी बोललं नाही. तेवढ्यात ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी पेटीचं झाकण धाडकन लावलं (पेटी कुणी वाजवत नाही, शोभेला ठेवलीय) आणि म्हणाले, “हे लग्न झालेल्या दोघांचं गाणं आहे. ती डॉक्टरची बायको, तो दुसरीचा नवरा. समोर लेकी, सुना, जावई बसणार. हे नको.”

निवेदन माझ्याकडं, यादी माझ्याकडं. गाळलं तर काका रुसणार, ठेवलं तर ते ज्येष्ठ येणार नाहीत, आणि गच्ची त्यांची आहे. तुम्ही काय केलं असतं?

अनगोळी_मिरची
आधी सांगा, दूध किती लिटर? साठ माणसं जमली की गाण्याकडं कोण बघत नाही ओ, सगळ्यांचं लक्ष पातेल्यावर.

टिळकवाडीकर
‘देखा एक ख़्वाब’ घ्या की मग. सिनेमा तोच, जोडी तीच, वर ट्यूलिपची बाग. तेव्हा दोघांचीही लग्नं व्हायची होती. कागदोपत्री एकदम स्वच्छ प्रकरण.

वैशाली_शहापूर
@टिळकवाडीकर, सुचवून झालं. काका म्हणाले, “किशोरकुमार आपल्याला झेपत नाही. यात नुसतं बोलायचंय म्हणून तर हे घेतलं.”

सुरपेटी
काकांना सांगा, नुसतं बोलणं हेच अवघड आहे. गाणाऱ्याला सूर धरून ठेवतो. बोलणाऱ्याला धरायला काही नसतं. ओळी मोकळ्या सोडायच्या आणि तरीही मॅडम मुखड्यावर येण्याच्या आत संपवायच्या. एक श्वास जास्त घेतला की पुढचं सगळं घसरलं. शिवाय त्यांनी ‘तनहाई’ ‘तन्नाई’ केली तर लग्नाचा मुद्दा बाजूलाच राहील.

बाकी याला द्वंद्वगीत म्हणावं का, हा माझा जुना वाद. एकजण गातंय, दुसरा स्वतःशीच बोलतोय. एकाच गाण्यात आहेत, पण समोरासमोर नाहीत. मला वाटतं चोरट्या प्रेमाची खरी गंमत (आणि खरा त्रास) त्या रचनेतच पकडलाय. संगीत शिव-हरींचं, म्हणजे शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया. संगीतकार म्हणून त्या दोघांचा हा पहिलाच सिनेमा. जावेद अख्तरांचाही गीतकार म्हणून पहिलाच. १९८१ साली या सगळ्या नवख्यांत मुरलेल्या कोण, तर लताबाई. पन्नाशी ओलांडलेली, १९४२ पासून गात आलेल्या. पडद्यावरची रेखा त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. पण डोळे मिटून ऐका, वय कुठं लागतंय का.

चिकोडीचा_वकील
कायद्याचं सांगून ठेवतो. कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच रद्दबातल केलं. व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. घटस्फोटाला कारण मात्र अजून आहे. तेव्हा काकांनी गावं, फक्त काकूंनी रेकॉर्डिंग जपून ठेवू नये.

खानापूरचा_गुरव
मला एक कळत नाही. आमच्याकडं सप्त्यात भजनी मंडळ रात्री गवळणी म्हणतं. नाथांच्या गवळणी. त्यातली राधा कुणाची कोण? दुसऱ्याची बायको. घरी सासू, घरी नवरा, आणि हिचं लक्ष त्या बासरीकडं. म्हणणारे कोण, तर गळ्यात माळ घातलेले साठीतले बाप्ये. ऐकणाऱ्यांत लेकी-सुना पुढंच बसलेल्या असतात, एक तर पोराला पाजत असते. कुणी टाळ खाली ठेवून “हे नको” म्हटलेलं मी पस्तीस वर्षांत बघितलं नाही.

आमचे एक म्हातारे पखवाजवाले होते. ते म्हणायचे, स्वतःच्या बायकोवर गवळण होत नाही. तिच्यावर भारूड होतं.

हिंडलग्याचे_आजोबा
गुरवसाहेब, देवाचं वेगळं, माणसाचं वेगळं. राधेचं प्रेम म्हणजे जिवाची शिवाकडं ओढ. सिनेमातल्या बाईची ओढ कुणीकडं आहे ते सगळ्या जगाला माहीत आहे.

खानापूरचा_गुरव
आजोबा, नमस्कार. ओढ ओढच असती हो. ती कुठं लावायची ते कीर्तनकार दुसऱ्या दिवशी सकाळी समजावून सांगतो. रात्री ऐकताना माणूस राधाच ऐकतो.

पुण्यातला_बेळगावकर
मी आता बावीस वर्षं पुण्यात, पण या धाग्यात न बोलून कसं चालेल, कारण हा सगळा उद्योग मुळात आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा आहे! अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३, गाव गुर्लहोसूर. मराठी संगीत नाटकाचा पाया घातला तो त्यांनी. आणि नाटकं कुठली निवडली ते बघा.

१८८२ चं ‘सौभद्र’. सुभद्रा ज्याच्यासाठी झुरते तो अर्जुन कोण? द्रौपदीचा नवरा. तीर्थयात्रेला निघालेला. इकडं मेव्हणीच्या… बरोबर नाही, मामेबहिणीच्या प्रेमात, संन्याशाचा वेष घेऊन. महाराष्ट्रानं हे नाटक सव्वाशे वर्षं डोक्यावर घेतलं. आमच्या आजीच्या लग्नात त्यातली पदं म्हटली होती म्हणे. कुणालाही द्रौपदीची आठवण झाली नाही.

त्याआधीचं १८८० चं ‘शाकुंतल’. दुष्यंत काय ब्रह्मचारी होता? घरी राण्या होत्या. आता गंमत बघा. मूळ कालिदासात पाचव्या अंकाच्या सुरुवातीला एक राणी, हंसपदिका, पडद्याआडून गाते. नव्या मधाला भुललेला भुंगा आंब्याच्या मोहोराला कसा काय विसरला, असं. राजाला बरोबर कळतं की हा टोला आपल्यालाच आहे. मग तो काय करतो? स्वतः जात नाही, समजूत काढायला विदूषकाला पाठवतो. विदूषक बिचारा घाबरतो, कारण तिथल्या दासी शेंडी धरणार.

पूर्ण नाटकात त्या बाईला तेवढंच एक गाणं. तेही पडद्याआड.

अनगोळी_मिरची
म्हणजे काकूंना पडद्याआड बसवायचं म्हणता?

टिळकवाडीकर
गच्चीवर पडदा कुठला, पाण्याची टाकी आहे. टाकीमागं.

गोकाकची_सून
माहेर शहापूर, सासर गोकाक, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकलंय. पुण्याचे भाऊ पडद्याआडच्या राणीचं सांगतात, आमच्या भागातलं श्रीकृष्ण पारिजात बघायला या एकदा. कानडीतलं. कुलगोडच्या तम्मण्णांचं नाव त्यात घेतात, ते कुलगोड इथनं जवळच. कृष्णानं पारिजाताचं फूल रुक्मिणीला दिलं, सत्यभामेला नाही, बास. एवढ्या एका फुलावर रात्रभर नाटक. आणि कोण बोलतंय? सत्यभामा! देवाला पाट मांडून गप्प बसवलेलं असतं. माझ्या सासूबाई चटईवर मांडी घालून बघतात आणि मध्येच ओरडतात, “बिडबॅड अवन्ना!” (सोडू नको त्याला.) सासरे शेजारी बसून सुपारी कातरत असतात, वर बघत नाहीत.

मला मराठी समजणारी माणसं विचारतात, कानडी नाटकात तुला काय रस. रस हाच.

हिंडलग्याचे_आजोबा
पारिजात आम्हीही पाहिलंय, १९६० च्या आसपास, यात्रेत. पेट्रोमॅक्सचे दिवे होते. ताईंचं म्हणणं पटलं. पण ते नवरा-बायकोतलं भांडण. परक्या बाईचं नव्हे.

निपाणीची_लेक
बरेच दिवस नुसती वाचते इथं. आज लिहिते.

हे गाणं आमच्या घरी होतं. कॅसेट होती. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. रविवारी जेवण झालं की सोप्यात आरामखुर्ची टाकून टेप लावायचे, आणि बरोबर या गाण्याशी आले की आवाज किंचित वाढवायचे. जास्त नाही, थोडाच. मी नववीत होते. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की वडील कुणासाठी ते ऐकतात. त्या बाई आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या, शिवण शिकवायच्या. माझा निळा परकर त्यांनीच शिवलेला. स्वभावानं वाईट नव्हत्या, हे सुद्धा सांगायला पाहिजे.

टेप जुना होता, फीत गुंतायची. वडिलांना ते काम जमत नसे, चिडायचे, ओढायला जायचे. मग आई पदराला हात पुसत बाहेर यायची, कॅसेट घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि माझ्या कंपासपेटीतली पेन्सिल भोकात घालून हळूहळू फीत गुंडाळायची. सुरकुती पडलेली जागा अंगठ्यानं साफ करायची. दहा-दहा मिनिटं. मग कॅसेट टेपात घालून, बटण दाबून, गाणं लागलंय एवढं बघून आत जायची. ती आणि भांडी.

मला लताबाईंचा आवाज आवडतो. या गाण्यातला सगळ्यात आवडतो. पण सुरपेटी म्हणतात तसे दोनच आवाज आहेत त्यात, आणि मी प्रत्येक वेळी तिसरा ऐकते, भांड्यांचा.

माझी आजी, आईची आई, चिकोडीकडची. तिच्या पिढीत सवत उघडपणे घरात यायची. ती दळताना म्हणायची:

सवतीची भाकरी गं, फुगली तव्यावरी
माझी करपली बाई, नजर दारावरी

पुढं अजून होत्या. लिहून घ्यायला हव्या होत्या.

सुरपेटी
ताई, वाचलं. दोनदा वाचलं.

अनगोळी_मिरची
टाकीमागचा विनोद मी सुरू केला होता. मागं घेतो.

सदाशिवनगरचा_सद्या
म्हणूनच म्हणतात, टेप दुरुस्त करायला मेकॅनिककडं द्यावा 😄

खानापूरचा_गुरव
सद्या, जरा वरचं नीट वाच की आधी. सगळीकडं काय फोडणी घालायची असती काय.

सदाशिवनगरचा_सद्या
सॉरी. घाईत वरवर चाळून टाकलं. आता पूर्ण वाचलं. ताई, माफ करा.

निपाणीची_लेक
असू दे रे. आईसुद्धा हसली असती. ती म्हणायची, मेकॅनिक पाच रुपये घेतो.

सुरपेटी
थोडं थांबून लिहितोय, कारण यावर माझं मत वेगळं आहे आणि ताईंच्या प्रतिसादानंतर ते बोलणं कठीण आहे.

गाणं म्हणजे पंचायत नव्हे. सगळ्या बाजूंना वेळ वाटून द्यायची त्याची जबाबदारी नाही. ज्याला जे झालंय ते त्यानं पूर्ण बुडून सांगावं, तिथंच गाणं होतं. या गाण्यात मध्येच बायकोचं कडवं टाकलं असतं तर ते धड तिचंही झालं नसतं, यांचंही नाही. तिच्यासाठी वेगळं गाणं पाहिजे. ते आपल्याकडं आहे, जात्यावर आहे, ताईंनीच दाखवलं. अडचण अशी की जात्यावरच्याला कराओके ट्रॅक नाही, त्यामुळं कार्यक्रमात एकच बाजू येते. दोष मात्र आपण गाण्याला लावतो.

बैठकीच्या लावणीतही हेच. तिथं गाणारी दुसऱ्याच्या नवऱ्याची वाट बघते, त्याच्या घरच्या बाईनं काय करायचं ते लावणी विचारत नाही. विचारू नये.

निपाणीची_लेक
@सुरपेटी, गाळा असं मी म्हटलंच नाही.

चिकोडीचा_वकील
मूळ प्रश्नाकडं येऊ या का? ज्येष्ठांचा आक्षेप असा की लेकी-सुना, जावई समोर असतील. माझा अनुभव: गेल्या वर्षी आमच्या इथं संक्रांतीच्या कार्यक्रमात एका सासूबाईंनी चक्क झोंबरं आयटम साँग म्हटलं. जावई मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, “आई छान गातात, दोन ओव्हर राहिल्यात.” तरुणांची काळजी करू नका.

हिंडलग्याचे_आजोबा
वकीलसाहेब, ते ज्येष्ठ जावयासाठी बोलत नसावेत. माझं वय ८१. आमच्या वयाचा माणूस “लेकी-सुना बसल्यात” म्हणतो तेव्हा बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलत असतो. गाण्यातलं काहीतरी त्यांना लागलं असेल. पेटीचं झाकण माणूस उगीच आपटत नाही. यापेक्षा जास्त बोलत नाही.

वैशाली, त्यांच्याकडं एकटीनं जाऊन चहा घे. गाण्याचा विषय काढू नकोस.

गोकाकची_सून
मला वरपासून एकच विचारायचंय आणि कुणीच विचारलं नाही. काकूंना विचारलंत का? काका बोलणार, मॅडम गाणार, ज्येष्ठ अडवणार, वैशाली यादी करणार, वकील कलम सांगणार. काकू कुठायत?

टिळकवाडीकर
पहिल्या रांगेत, थर्मास घेऊन. पैज.

वैशाली_शहापूर
चार दिवसांनी येतेय, सगळ्यांचं वाचलं. टिळकवाडीकरांनी पैज जिंकली, थर्मास निळा आहे.

आजोबांचं ऐकलं आधी. ज्येष्ठांकडं गेले, चहा घेतला, गाण्याचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला नाही तेव्हा मीही नाही. भिंतीवर वहिनींचा फोटो आहे, त्याला ताजा हार होता. उठताना म्हणाले, “गच्चीचा बल्ब गेलाय, तो बदलून ठेवतो.” एवढंच. मी त्याचा अर्थ होकार असा घेतलाय.

मग काकूंकडं. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, पुढ्यात भलामोठा ढीग. मी पण बसले फोडायला. विचारलं सरळ, काकू, ते गाणं तुम्हाला चालेल का.

म्हणाल्या, “मला ते गाणं कधीच आवडलं नाही.” मी गार. पुढं म्हणाल्या, “लई संथ आहे. आणि ह्यांना सांग, कवळी नीट बसवून मग बोला. ‘तनहाई’ म्हणताना शिट्टी वाजते.” मग बराच वेळ नुसत्या शेंगा. मग म्हणाल्या, “ती मॅडम चांगली गाते. कुणासाठी गाते तिचं तिला माहीत.” आणि त्यावर पुढचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

निघताना मोबाइलवरून निपाणीच्या ताईंची ओवी वाचून दाखवली. काकूंचा हात थांबला. म्हणाल्या, “परत वाच.” परत वाचली. म्हणाल्या, “असं सपाट नाही वाचायचं.” मी म्हटलं, मग तुम्ही म्हणा कार्यक्रमात. “मी नाही बाई,” म्हणाल्या आणि शेंगांचं सूप उचलून आत गेल्या. दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातनं गुणगुणल्याचा आवाज आला, पण मिक्सर लावला त्यांनी लगेच.

तर गाणं राहतंय. ओवीसुद्धा घ्यायची ठरवलीय, गाण्याच्या लगेच नंतर, मी म्हणेन. @निपाणीची_लेक, तुमची परवानगी आहे का? आणि चाल?

पुण्यातला_बेळगावकर
मी येतोय कोजागिरीला. रात्रीची गाडी धरतो.

सुरपेटी
ओवीला पेटी, ट्रॅक, माइक काही नको. स्पीकर बंद करून म्हणा.

निपाणीची_लेक
परवानगी कसली, आजीची आहे. चाल लिहून सांगता येत नाही, संध्याकाळी सातनंतर फोन करा, नंबर निरोपात पाठवते. एक ध्यानात ठेवा. दळताना जातं ओढायला जिथं जोर लागतो तिथं शब्द लांबतो, ‘फुगली’वर आणि ‘करपली’वर. हात रिकामे असले तर जमत नाही. काहीतरी हातात घ्या.

अनगोळी_मिरची
आणि दूध?

वैशाली_शहापूर
बारा लिटर. पातेलं तुझ्या घरातनं यायचंय.